प्रोस्टेटचा एमआरआय: इंजेक्शनवाला की बिनइंजेक्शनचा?

नाशिकचा जावई

मंडळी, घाईत लिहितोय, सांभाळून घ्या. सासऱ्यांचा (वय ६८, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो) पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्तचाचणी) ६.८ आला. पाच महिन्यांपूर्वी ५.९ होता. रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं, पण ते जुनंच आहे. यूरॉलॉजिस्टनी बोटाने तपासलं, म्हणाले गाठ अशी काही लागत नाही, पण बायोप्सीचा विचार करण्याआधी एमआरआय करून घ्या.

इथवर ठीक. घोळ पुढे आहे. दोन ठिकाणी चौकशी केली. एकीकडे म्हणाले मल्टिपॅरामेट्रिकच करा, इंजेक्शन द्यावं लागेल, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्तचाचणीचा) रिपोर्ट घेऊन या, पाऊण तास धरून चाला. दुसरीकडे म्हणाले आता बायपॅरामेट्रिक चालतो, इंजेक्शन नाही, वीस मिनिटांत मोकळे. पैशातही बराच फरक. मेहुणा म्हणतो नानांच्या बाबतीत स्वस्तातलं काही नको. बायको म्हणते उगाच अंगात औषध कशाला सोडायचं. नाना म्हणतात, "मला काही झालेलं नाही, दोन्ही नको."

तर प्रश्न एवढाच: बिनइंजेक्शनचा म्हणजे अर्धवट तपासणी का?

शंकेखोर

सरळ बायोप्सी करा आणि मोकळे व्हा. आमच्या काकांची पंधरा वर्षांपूर्वी अशीच झाली होती, एमआरआयचं नावही कोणी काढलं नव्हतं. यंत्र आणलं की त्याचे हप्ते फेडायचे असतात, एवढं लक्षात ठेवा.

फिल्मवाला डॉक्टर

शंकेखोर, हप्त्यांचं खरं आहे, नाकारत नाही. मी रेडिऑलॉजिस्ट आहे, दिवसभर हीच चित्रं बघतो, त्यामुळे माझं मत थोडं घरच्या बाजूचं समजा. पण काकांच्या वेळची बायोप्सी कशी व्हायची तेही सांगतो. सोनोग्राफीचा प्रोब गुदद्वारातून घालायचा आणि ग्रंथीच्या ठरावीक भागांतून दहा-बारा तुकडे काढायचे. सोनोग्राफीत बहुतेक वेळा कॅन्सर वेगळा ओळखूच येत नाही. म्हणजे साप दिसत नाही म्हणून भुई धोपटायची.

२०१७ साली 'प्रॉमिस' नावाचा ब्रिटिश अभ्यास आला. ५७६ पुरुष. प्रत्येकाचा एमआरआय, प्रत्येकाची ती जुन्या पद्धतीची बायोप्सी, आणि खरं-खोटं ठरवायला प्रत्येकाची दर पाच मिलिमीटरवर सुई घालून केलेली सविस्तर बायोप्सी. ज्या कॅन्सरची खरोखर काळजी करावी, त्यातले एमआरआयने ९३ टक्के पकडले आणि जुन्या बायोप्सीने ४८ टक्के. अर्ध्याहून जास्त निसटले! नाण्याची दुसरी बाजूही आहे. एमआरआय खूप जणांना उगाच संशयित ठरवतो. ज्यांना तसा कॅन्सर नव्हता, त्यांतल्या फक्त ४१ टक्क्यांना त्याने निर्दोष सोडलं. म्हणून एमआरआयवर संशय आला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. पण तो स्वच्छ आला तर बऱ्यापैकी निश्चिंत होता येतं.

मग २०१८ मध्ये 'प्रिसिजन' आला. ५०० माणसं, अर्ध्यांना आधी एमआरआय आणि दिसेल तिथेच सुई, अर्ध्यांना जुनी पद्धत. महत्त्वाचे कॅन्सर ३८ टक्क्यांना सापडले, जुन्या पद्धतीत २६. आणि ज्यांच्यामुळे आयुष्यात काही बिघडणार नाही असे निरुपद्रवी कॅन्सर ९ टक्के, जुन्या पद्धतीत २२. शिवाय एमआरआय गटातल्या २८ टक्क्यांना सुई लागलीच नाही.

आता जावईबापूंचा प्रश्न. मल्टि म्हणजे तीन प्रकारची चित्रं.

पहिलं टी-टू. हा ग्रंथीचा नकाशा. बाहेरची साल पांढरी दिसते आणि त्यात कॅन्सर काळपट डागासारखा. आतला भाग वयाबरोबर वाढून गाठीगाठींचा झालेला असतो, तिथे वाचायला कठीण.

दुसरं डिफ्यूजन. पेशींच्या मधल्या जागेत पाण्याचे रेणू किती मोकळे हिंडतात ते यात दिसतं. दादर स्टेशनवर दुपारी तीनला चाला आणि संध्याकाळी सहाला चाला, तेवढा फरक. कॅन्सरमध्ये पेशींची दाटी असते, पाणी अडतं, आणि ती जागा उठून दिसते.

तिसरं कॉन्ट्रास्ट. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम सोडायचं आणि काही सेकंदांच्या अंतराने चित्रं घेत राहायचं. कॅन्सरला रक्तपुरवठा जास्त, तो शेजाऱ्यांच्या आधी उजळतो. पण सुजलेला प्रोस्टेटही उजळतो, हे लक्षात ठेवा.

बाय म्हणजे यातली पहिली दोन. तिसरं वगळलं की वेळ, सुई, औषधाचा खर्च आणि क्रिएटिनिनची धावपळ वाचते.

पण या तिघांना सारखा मान नाही. आम्ही जी गुणांकन पद्धत वापरतो, पाय-रॅड्स, १ ते ५ (आकडा जितका मोठा तितका कॅन्सरचा संशय जास्त), तिच्यात सालीमध्ये डिफ्यूजनचा शब्द शेवटचा आणि आतल्या भागात टी-टूचा. कॉन्ट्रास्टला एकच काम उरलं आहे: सालीतल्या डागाला डिफ्यूजनवर ३ मिळाले आणि तो कॉन्ट्रास्टमध्ये लवकर उजळला, तर ३ चे ४ करायचे. बस. आतल्या भागात त्याला मत नाही. एवढ्यासाठी सगळ्यांना इंजेक्शन द्यायचं का, हा वाद आमच्यात बरीच वर्षं चालू आहे.

खारीबिस्कीट

डॉक, दादरचं उदाहरण आवडलं. 😀 मग वाद मिटला की नाही?

फिल्मवाला डॉक्टर

बराचसा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'प्राइम' चा निकाल जामा या नियतकालिकात आला. १२ देश, २२ केंद्रं, ४९० पुरुष. गंमत अशी की गट पाडलेच नाहीत. प्रत्येकाचा पूर्ण एमआरआय केला, पण रेडिऑलॉजिस्टला आधी कॉन्ट्रास्टची चित्रं दाखवली नाहीत. त्याने मत नोंदवायचं, मग पाकीट उघडल्यासारखी तिसरी चित्रं बघायची आणि पुन्हा मत नोंदवायचं. महत्त्वाचे कॅन्सर बायमध्ये २९.२ टक्के, मल्टिमध्ये २९.६ टक्के. माणसांत मोजायचं तर १४३ आणि १४५. निरुपद्रवी कॅन्सरही दोन्हीकडे सारखेच.

शंकेखोर

बघा, दोन माणसं सुटलीच ना. त्यातले एक नाना निघाले तर?

आणि दुसरं. ते १२ देशांतले लोक म्हणजे निवडक केंद्रं. आमच्या तालुक्याच्या सेंटरवर सकाळी गुडघा, दुपारी मणका आणि मधल्या वेळेत प्रोस्टेट. तिथे हे आकडे लागू होतात का?

फिल्मवाला डॉक्टर

दुसरा मुद्दा शंभर टक्के बरोबर आणि माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. प्राइममध्ये केंद्रांना माणसं घेण्याआधी नमुन्याची चित्रं पाठवून पास व्हावं लागलं होतं. नंतर तपासलं तेव्हा ९९ टक्के चित्रं वाचण्याजोगी निघाली. आपल्याकडे ज्याच्या हाती रिपोर्ट येतो त्याने चित्रांचा दर्जा कधी विचारलेला असतो का?

डिफ्यूजन हे नाजूक प्रकरण आहे. गुदाशयात वायू असला तरी चित्र वाकडं होतं. तिन्ही चित्रं असतात तेव्हा डिफ्यूजन बिघडलं तर कॉन्ट्रास्टचा आधार असतो. दोनच असली आणि त्यातलं एक बिघडलं की हातात एकच उरतं. त्यामुळे माझं म्हणणं असं: "इंजेक्शन आहे का?" हे दोन नंबरचं. पहिलं विचारा की डिफ्यूजन कसं आहे आणि वाचणारा कोण आहे, महिन्याला किती प्रोस्टेट वाचतो.

पाटील_औंध

डॉक्टरांच्या शेवटच्या मुद्द्यावर आमचा अनुभव. वडिलांचा उजवा खुबा बदललेला, धातूचा. दोन वर्षांपूर्वी एका सेंटरवर (नाव लिहीत नाही) बिनइंजेक्शनचा केला. खुब्याचं कोणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही, चूक दोघांची. रिपोर्ट आला पाय-रॅड्स ३, खाली बारीक अक्षरात "चित्रं धातूमुळे मर्यादित". आम्ही ३ बघितलं आणि बारीक अक्षरं सोडून दिली.

पुढे दुसऱ्या यूरॉलॉजिस्टनी सीडी बघितली आणि म्हणाले, यात डिफ्यूजन नाहीच म्हणा, नुसता धूर आहे. पुन्हा केला, या वेळी दीड टेस्लाच्या यंत्रावर (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) आणि इंजेक्शनसह. डाव्या बाजूला सालीत लवकर उजळणारा डाग स्पष्ट दिसला. बायोप्सीत निघाला. उपचार झाले, आता बरे आहेत. त्यामुळे आमच्या घरी इंजेक्शनला कोणी नावं ठेवत नाही.

चुंबकघर

मी टेक्निशियन. पाटीलसाहेब, तुम्हाला दीड टेस्लावर पाठवलं ते योग्यच झालं. लोकांना वाटतं तीन टेस्ला म्हणजे दुप्पट चांगलं. धातूच्या खुब्याला उलट होतं, तीनवर विकृती वाढते. आणि वर ज्या प्रॉमिसची आरती झाली, तो सगळा अभ्यास दीड टेस्लावरच झाला होता.

जावईबापू, नानांची तयारी सांगतो, कारण रिपोर्टमध्ये हे कोणी लिहीत नाही. आदल्या दिवशी वातूळ काही नको, म्हणजे वाल, वाटाणा, हरभऱ्याची उसळ बंद. सकाळी पोट साफ हवं. आत जायच्या आधी पुन्हा एकदा संडासला जाऊन या म्हणावं, वायू तरी निघून जाईल. काही ठिकाणी आतड्याची हालचाल थांबवणारं इंजेक्शन देतात, ते वेगळं, त्याचा कॉन्ट्रास्टशी संबंध नाही. लघवी तुडुंब धरून यायची गरज नाही, ते सोनोग्राफीचं. इथे उलट माणूस चुळबुळ करतो आणि चित्रं हलतात.

पेसमेकर, स्टेंट, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर आधी सांगा. आणि हसू नका, पण करदोटा आणि जानवं बघा. करदोट्यात तावीज असतो आणि जानव्याला कपाटाची किल्ली असते. महिन्यातून एकदा तरी एखादे आजोबा दारात अडतात.

खारीबिस्कीट

जानव्याला किल्ली! आमच्या आजोबांची आठवण आली.

अवांतर: आता एआय वाचणार ना ही चित्रं? मग वाचणारा कोण हा प्रश्नच मिटला.

फिल्मवाला डॉक्टर

एवढ्यात नाही. 'पाय-काय' म्हणून २०२४ चा मोठा अभ्यास आहे. त्यात ६२ रेडिऑलॉजिस्टांपेक्षा एआय सरस ठरला, आणि तोही फक्त बायपॅरामेट्रिक चित्रांवर. पण त्या ६२ जणांना रुग्णाची सगळी हकिकत, जुने रिपोर्ट असं हातात नव्हतं. रोजच्या कामात पूर्ण माहितीसह जे निदान होतं, त्याच्याशी तो बरोबरी सिद्ध करू शकला नाही. मला तो मदतनीस म्हणून हवा आहे. संध्याकाळी सहाला माझे डोळे थकलेले असतात.

मीना_लीड्स

इकडे इंग्लंडमध्ये मी यूरॉलॉजीत नर्स आहे. २०१९ पासून नाइसच्या (उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी इथली संस्था) सूचनेप्रमाणे संशयित माणसाला आधी एमआरआय, मग गरज असेल तर बायोप्सी. बायोप्सीही आता बहुतेक ठिकाणी गुदद्वारातून न करता खालून त्वचेतून, भूल तेवढ्या जागेपुरती देऊन होते. त्यात जंतुसंसर्ग कमी. नानांच्यावर वेळ आली तर ती कोणत्या मार्गाने करणार ते विचारा.

डॉक्टरदादांना एक विचारायचं होतं. आमच्याकडे एका मराठी आजोबांचा एमआरआय ५ आला होता, सगळे घाबरले, आणि निघाला टीबी. असं होतं का?

फिल्मवाला डॉक्टर

मीनाताई, बरोबर. टीबीने किंवा मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आत बीसीजी (टीबीची लस) सोडलेलं असेल त्यानंतर प्रोस्टेटला एक विशिष्ट सूज येते आणि ती हुबेहूब ५ सारखी दिसते. तिथे डिफ्यूजनही फसतं, कॉन्ट्रास्टही फसतं. शेवटी तुकडाच बघावा लागतो. म्हणून पूर्वी टीबी झाला असेल तर तो फॉर्मवर लिहा, लाजू नका.

आणि आधी बायोप्सी झालेली असेल तर किमान सहा आठवडे थांबून एमआरआय करा. आत साकळलेलं रक्त कॅन्सरसारखं सोंग घेतं.

इंजेक्शन कोणी वगळू नये तेही सांगून टाकतो: ज्यांचं प्रोस्टेट काढलं आहे किंवा रेडिएशन झालं आहे आणि पीएसए पुन्हा चढतोय. तिथे कॉन्ट्रास्टचं काम खरोखर मोठं आहे. वर जे सगळं बोललो ते पहिल्यांदाच तपासणी करणाऱ्यांबद्दल.

नाशिकचा जावई

सगळ्यांचे आभार, एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. नानांना खुबा वगैरे नाही. मधुमेह आहे, गोळ्या चालू. मेहुणा म्हणतो इंजेक्शन द्यायचं तर मेटफॉर्मिन दोन दिवस बंद ठेवावी लागते, खरं का?

फिल्मवाला डॉक्टर

ती सीटी स्कॅनची गोष्ट, तिथलं औषध आयोडीनचं. गॅडोलिनियमसाठी मेटफॉर्मिन थांबवायची गरज नसते. मूत्रपिंड खूपच कमजोर असेल तर मात्र आधी बोलायला हवं, म्हणून तर क्रिएटिनिन.

तुमच्या जागी मी असतो तर नुसत्या फोनवरून ठरवलं नसतं. बिनइंजेक्शनवाल्या सेंटरला विचारा की नाना टेबलावर असतानाच कोणी डॉक्टर चित्रं बघेल का, आणि डिफ्यूजन बिघडलं असेल तर तिथेच इंजेक्शन देऊन पुढची चित्रं काढता येतील का. क्रिएटिनिन खिशात ठेवा. "हो" म्हणाले तर स्वस्तवालं बिनधास्त करा.

औषधवाला बंड्या

डॉक्टरांच्या मधे बोलतोय, माफ करा. माझं मेडिकल स्टोअर आहे. जावईबापू, नाना रात्री उठतात म्हणालात. त्यासाठी काही गोळी चालू आहे का? नाव सांगा.

नाशिकचा जावई

हो, आहे. बायकोने पाकीट बघून सांगितलं: टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड, एकत्र असलेली कॅप्सूल. अडीच वर्षं झाली.

औषधवाला बंड्या

हेच वाटलं होतं. ड्युटास्टेराइडने पीएसए साधारण निम्मा होतो. सहा महिने-वर्षभर घेतल्यावर जो आकडा दिसतो तो दुप्पट करून धरायचा असं आमच्याकडे येणारे यूरॉलॉजिस्टच सांगतात. नानांचा ६.८ म्हणजे खरा १३.६ च्या आसपास. आणि गोळी चालू असताना ५.९ चा ६.८ झाला हेही जरा बघण्यासारखं. यूरॉलॉजिस्टना गोळीबद्दल माहीत आहे ना?

नाशिकचा जावई

नाही हो! ती गोळी गावच्या फॅमिली डॉक्टरांनी सुरू केलेली. आम्ही फक्त मधुमेहाची आणि बीपीची चिठ्ठी दाखवली.

फिल्मवाला डॉक्टर

बंडोपंत, सलाम. इतकं लांबलचक लिहिलं मी आणि हे विचारायचं राहून गेलं. आज लगेच फोन करून सांगा त्यांना.

शंकेखोर

एमआरआयवर एवढी चर्चा आणि उत्तर गोळीच्या पाकिटावर. मी काही बोलत नाही. 🙂

नाशिकचा जावई

(बारा दिवसांनी)

झाला एकदाचा. बिनइंजेक्शनवाल्यांकडेच गेलो, "लागलं तर देऊ" असं कबूल करून घेतलं. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी चित्रं बघून सांगितलं की डिफ्यूजन स्वच्छ आलंय, इंजेक्शनची गरज नाही. चुंबकघर, करदोटा निघाला बरं का, त्यात चांदीची पेटी होती. नानांनी तो काढताना असा चेहरा केला की जणू घर विकायला लावलंय.

रिपोर्ट: ग्रंथी ६२ सीसी. आतल्या भागात पुढच्या बाजूला एक डाग, पाय-रॅड्स ३. मेहुणा लगेच म्हणाला, बघ, इंजेक्शन दिलं असतं तर समजलं असतं ३ की ४.

फिल्मवाला डॉक्टर

मेहुण्यांना सांगा, डाग आतल्या भागात आहे. तिथे कॉन्ट्रास्टला मत नाही. दिलं असतं तरी ३ च राहिले असते.

आता खरा हिशोब वेगळा. पाय-रॅड्स ३ म्हणजे कुंपणावर बसलेला. अशा वेळी पीएसएला ग्रंथीच्या आकाराने भागतात. ०.१५ च्या खाली असेल तर बरेच जण थांबून बघतात, वर असेल तर बायोप्सीकडे झुकतात. कागदावरचा ६.८ भागिले ६२ म्हणजे ०.११, थांबा असं म्हणेल. गोळीचा हिशोब धरून १३.६ भागिले ६२ म्हणजे जवळपास ०.२२. दोन्ही आकडे यूरॉलॉजिस्टपुढे ठेवा, निर्णय त्यांचा.

पाटील_औंध

बापरे. म्हणजे गोळी कळली नसती तर सहा महिन्यांनी या म्हणून घरी पाठवलं असतं.

मीना_लीड्स

बायोप्सी ठरली तर त्वचेतून करा, एवढं पुन्हा सांगते. आणि सीडी स्वतःकडे ठेवा, नुसता कागद नाही.

नाशिकचा जावई

(तीन आठवड्यांनी)

यूरॉलॉजिस्टनी गोळीचं ऐकून कपाळाला हात लावला आणि बायोप्सीच सांगितली. त्वचेतूनच केली. डागातून चार तुकडे आणि बाकी ग्रंथीतून ठरलेले. डागातल्या दोन तुकड्यांत कॅन्सर आहे, ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा आकडा) ३ अधिक ४. बाकी सगळे तुकडे स्वच्छ. डॉक्टर म्हणाले लवकर सापडलाय, घाबरू नका, पर्याय आहेत.

नानांना मी आणि बायकोने मिळून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तो करदोटा परत आणलास ना?" आणला होता.

शस्त्रक्रिया की रेडिएशन यावर वेगळा धागा काढतो. बंडूशेठ, तुम्ही तिथे नक्की या.